घडी मोडताना

गणवेश परत केला तेव्हा डेपोतल्या बाईनं सही घेतली :
दोन कोट, चार विजारी, एक लोकरी टोपी.
एकतीस वर्षांची पोच, अर्ध्या कागदावर.
बाहेर आले तर हेलसिंकीत साडेतीनलाच अंधार,
आणि उद्या काय घालायचं
हे मला माझ्याच शहरात माहीत नव्हतं.

कपाट उघडलं.
आईच्या दफनाच्या दिवशीचा काळा झगा,
मिर्वानं दिलेला लाल, मानेशी टोचणारा.
बाकी रिकामे हँगर, एकमेकांवर टकटक करत.

मग मी सुटलेच.
सवलतीची पाटी दिसली की पाय आपोआप ब्रेक दाबायचा.
लिंबू रंगाचा ब्लाउज, जो माझ्या बहिणीला शोभला असता.
उंच टाचांचे बूट, ज्यांना बर्फ ठाऊक नव्हता.
चंदेरी धाग्याचं काहीतरी,
कुठल्याशा मेजवानीसाठी, जिचं आमंत्रण अजून यायचंय.
डोळ्यात भरलं ते घरी आणलं.
अंगाला बसलं नाही, अंगाशी आलं.

फेब्रुवारीत सगळं पिशव्यांत कोंबून
जुन्या बाजारात एक फळी भाड्यानं घेतली.
शेजारच्या फळीवर ताइस्तो, गेलेल्या बायकोचे कपडे विकायला बसलेला.
काहींची किंमत तो अशी लावी की कुणी घेऊच नये.
म्हणाला, ती आधी हातानं बघायची, डोळ्यांनी नंतर.
उलटं करून शिवण बघायची.
माणसाचं असं कळत नाही, कापडाचं कळतं.

लिंबू ब्लाउज एका पोरीनं चार युरोला नेला.
तिला तो इतका खुलला
की मला जरा रागच आला.

तेव्हापासून मी हळू झालेय.
माझा डावा खांदा उजव्याहून बोटभर खाली आहे,
लीव्हर ओढून ओढून.
आरशानं हे कधी सांगितलं नाही, बाहीनं सांगितलं.
आता मी कपडा उभ्यानं बघतच नाही.
स्टुलावर बसते, हात पुढे करते,
मान वळवते मागच्या दाराकडे
सगळे उतरले का बघायला.
पाठीवर शिवण ओढली तर परत ठेवते.
नाही ओढली, आवडलं, तरी ठेवते.
घरी जाते, बटाटे उकडते.
तिसऱ्या दिवशी खिसा आठवला तर पुन्हा जायचं.
नुसती किंमत आठवली तर नाही.

एप्रिलमध्ये तिथंच एका हँगरवर दिसला
आमचा कोट. निळा, जुन्या धाटणीचा,
नाटकवाले घेतील म्हणून लावलेला.
घातला.
न बघता बटणं लागली, पाठ ताठ झाली,
खांदासुद्धा आपल्या जागी गेला.
इतकं मापाचं मला बाजारात काही मिळालं नव्हतं.
ताइस्तो बघत होता. बोलला काही नाही.
काढला, आणि नेसूच्या कपड्यासारखी घडी घालायला लागले.
मग लक्षात आलं, टांगायचाय.
टांगला.

घेतला तो वेगळाच. शेवाळी, जाड लोकरीचा,
कोपरावर कुणीतरी भलत्याच रंगाच्या दोऱ्यानं रफू केलेला.
आतल्या खिशात खोकल्याच्या गोळीचा कागद निघाला,
अजून वास असलेला.

कपाटात आता अकरा वस्तू आहेत.
लाल झगाही आहे. टोचतोच.
मिर्वा येते तेव्हा घालते.

आज सकाळी शेवाळी कोटाची घडी मोडली.
थांब्यावर उभी राहिले, पहिल्यांदाच या बाजूला.
ट्राम आली. नव्या पोरीनं दार उघडलं,
आजीबाई समजून जरा जास्तच वेळ उघडं ठेवलं.
ओळखलं नाही तिनं.

खिडकीशी बसले.
एकतीस वर्षं नुसती पुढेच बघत आलेली,
आज बाजूला बघत गेले.